खिळा, कुंचला आणि लिपी : विसाव्या शतकाच्या मध्यावरील मुंबईतील अक्षरव्यवसाय

१

देवनागरी लिपीच्या सुधारणेचा इतिहास बहुधा समित्यांच्या आणि परिषदांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. १९३५ साली इंदूर येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेले हिंदी साहित्य संमेलन व त्यातून काका कालेलकरांकडे आलेले लिपिसुधारणेचे कार्य, १९४७ सालची आचार्य नरेंद्र देव समिती, १९५३ सालची लखनौ परिषद आणि १९६६ साली केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेली मानक देवनागरी वर्णमाला, हे त्या कथेचे ठरलेले टप्पे होत. हा इतिहास खोटा नाही. तथापि तो अपुरा आहे. लिपी ठरावांत नांदत नाही. ती पुस्तकाच्या पानावर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात, नाटकाच्या जाहिरातीत आणि दुकानाच्या पाटीवर नांदते. आणि या सर्व ठिकाणी ती कोणाच्या तरी हाताने घडविलेली असते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे स्थूलमानाने १९३५ ते १९६५ या तीस वर्षांत, देवनागरी अक्षरे घडविणाऱ्या माणसांची फार मोठी वसाहत मुंबई शहरात होती. ठसे कापणारे, खिळे ओतणारे, खिळे जुळविणारे, मुखपृष्ठे व जाहिराती रेखाटणारे आणि त्यांना शिकविणारे अशा सर्वांचा तीत समावेश होता. लिपीने यंत्राशी जुळते घ्यावे असे ज्या काळात अनेक विद्वानांना आणि शासनकर्त्यांना वाटत होते, त्या काळात ही माणसे काय करीत होती, आणि त्या वादाच्या अखेरच्या निकालात त्यांचा वाटा कोणता, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

या वसाहतीचा भूगोल प्रथम ध्यानात घेतला पाहिजे, कारण तिची अंतर्गत रचना त्यातच दिसून येते. काळबादेवी आणि गिरगाव हा भाग खिळ्यांचा आणि छापखान्यांचा. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना कोलभाट गल्लीत होता. मौज प्रिंटिंग ब्यूरो गिरगावातील खटाववाडीत होता. खेमराज श्रीकृष्णदास यांचे श्रीवेंकटेश्वर मुद्रणालयही मुंबईचेच; तेथे छापलेले हिंदी व संस्कृत ग्रंथ उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र जात. निर्णयसागर आणि गुजराती टाइप फौंड्री यांसारख्या ओतशाळांतून निघालेले खिळे मुंबईबाहेरच्या छापखान्यांनाही पुरविले जात.

याउलट फोर्ट हा भाग जाहिरातसंस्थांचा आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांचा. जे. वॉल्टर थॉम्प्सन, डी. जे. कीमर, लिंटास यांसारख्या परदेशी मुळाच्या संस्थांनी येथील जाहिरातव्यवसायाला आकार दिला. बोरीबंदरासमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या इमारतीत कलाविभाग होता, आणि ऑस्ट्रियातून निर्वासित म्हणून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी त्याचे प्रमुखपद सांभाळले. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यालयात १९३५ साली व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. व्ही. एन. आडारकर यांनी त्याची जोपासना केली, आणि १९६१ साली त्यातूनच उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उदयास आली. उत्तरेस परळ-दादरकडे चित्रपटांचे कारखाने होते, आणि त्यांच्या भिंतीपत्रकांवर व फलकांवर अक्षरे रंगविणारा वर्ग त्या भागात पोट भरीत होता.

काळबादेवी ते फोर्ट हे अंतर दीड मैलाहून फारसे अधिक नाही. पण सामाजिक अंतर बरेच मोठे होते. खिळ्यांच्या जगाची भाषा मराठी, गुजराती व हिंदी होती. तेथील ज्ञान बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून उमेदवाराकडे जात असे. जाहिरातीच्या जगाची भाषा इंग्रजी होती. तेथे मजकूर आधी इंग्रजीत लिहिला जाई आणि देशी भाषांतील जाहिरात त्याच्या भाषांतरातून निघे. १९४६ साली एअर इंडियासाठी बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून ‘महाराजा’ अवतरला, तो या दुसऱ्या जगातच. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डने या चित्रकारांना व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली. वार्षिक प्रदर्शने व पारितोषिके यांच्या योगाने त्यांच्या कामावर कर्त्याचे नाव येऊ लागले. ठसे कापणाऱ्यांच्या वाट्याला अशी संघटना आली नाही. ओतशाळांच्या नमुनापुस्तकांत खिळ्याचे माप छापले जाई, ओतशाळेचे नाव छापले जाई; ठसा कापणाऱ्याचे नाव छापण्याची रीत नव्हती.

३

या दोन जगांच्या हाती एकच लिपी होती, पण तिच्यासंबंधी त्यांच्यापुढे असलेले प्रश्न अगदी भिन्न होते. खिळ्यांच्या जगातील प्रश्न संख्येचा होता.

रोमन लिपीत सव्वीस लहान व सव्वीस मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभराच्या आसपास खिळ्यांत साधा मजकूर जुळविता येतो. देवनागरीत मूळ वर्ण पन्नासाच्या आत असले, तरी वर्ण आणि खिळा यांचा संबंध एकास एक असा नाही. व्यंजनाचे पूर्ण रूप, अर्धे रूप, रकारयुक्त रूप, उकार जोडलेले रूप, क्ष-ज्ञ-त्र-श्र यांसारखी रूपांतर पावलेली जोडाक्षरे, द्ध-द्व-द्य-ट्ट-ष्ट यांसारखी एकाखाली एक बसणारी जोडाक्षरे, आणि शिरोरेषेवर मात्रा, रफार व अनुस्वार यांच्या एकेकट्या तसेच एकत्र येणाऱ्या आकृती, या सर्वांना स्वतंत्र खिळे लागत. त्यामुळे देवनागरीच्या जुळाऱ्यापुढील केसमध्ये कित्येक शेकडा खिळ्यांचे घर असे, आणि कोणता खिळा कोठे हे त्याच्या बोटांना पाठ असावे लागे.

मुंबईच्या छापखान्यांत या अडचणीवर दोन उपाय रूढ झाले होते. पहिला डिग्री पद्धतीचा. तीत ओळ तीन मजल्यांत जुळविली जाई: मधल्या मजल्यात अक्षर, वर मात्रा-वेलांटी-अनुस्वारांचे लहान खिळे, खाली उकारांचे. खिळ्यांचे प्रकार यामुळे कमी होत, परंतु जुळणीला वेळ लागे आणि मजल्यांच्या सांध्यात अक्षर तुटलेले दिसे. दुसरा उपाय अखंड पद्धतीचा. तीत अक्षर आणि त्याच्या वरखालची चिन्हे एकाच उंचीत सामावली जात. छपाई यामुळे सफाईदार दिसे, पण खिळ्यांचे प्रकार वाढत. पहिल्या पद्धतीत काटकसर होती आणि दुसरीत सौष्ठव होते. दोन्ही एकत्र साधणे धातूला शक्य नव्हते.

या मर्यादेतही मुंबईच्या ओतशाळांनी अक्षराचे जे रूप निश्चित केले ते असामान्य ठरले. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ साली ओतशाळा व १८६९ साली छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कापलेल्या ठशांवर निर्णयसागरचा लौकिक उभा राहिला. बोरूच्या लेखनातील जाड-बारीक रेषांचा क्रम, काना व शिरोरेषा यांचे प्रमाण आणि अक्षराच्या पोटातील मोकळी जागा यांची त्या ठशांत जी जुळणी झाली, तीच पुढे जवळजवळ शतकभर ‘मुंबई वळण’ या नावाने ओळखली गेली. संस्कृत ग्रंथांच्या द्वारा हे वळण काशीपर्यंत पोचले. उत्तरेकडील वाचक अ, झ, ण ही अक्षरे पूर्वी निराळ्या आकारांत लिहीत. मुंबईकडील आकारांना ते ‘बंबइया’ म्हणत. आज हेच आकार हिंदीच्याही प्रमाण वर्णमालेत आहेत. १९६६ च्या मानक वर्णमालेत ते समाविष्ट झाले हे खरे, पण त्यापूर्वी कित्येक दशके ते छापील पानांतून उत्तरेच्या डोळ्यांना परिचित झाले होते. परिषदेने निवड केली असे म्हणण्यापेक्षा, झालेल्या निवडीवर शिक्कामोर्तब केले असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

४

यांत्रिक जुळणीच्या आगमनाने संख्येचा हा प्रश्न एकाएकी तीव्र झाला. हाताने जुळविताना शेकडो खिळे ही गैरसोय होती. यंत्रावर ती अशक्यता ठरली. लायनोटाइप यंत्राच्या मुख्य मॅगझिनमध्ये नव्वद खाचा असत, म्हणजे एका वेळी नव्वदच आकृती हाताशी येत. मोनोटाइपच्या मातृकापेटीत पंधरा गुणिले पंधरा म्हणजे २२५, आणि पुढे वाढवून २५५ घरे होती. टंकलेखनयंत्रावर तर याहून कमी. १९५५ साली गोदरेजने मुंबईत पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले तेव्हा देशी यंत्राचा प्रश्न सुटला, पण कळांची संख्या वाढली नाही. १९३० नंतरच्या दशकात हरि गोविल यांनी न्यूयॉर्क येथे मर्गेनथालर कंपनीच्या लायनोटाइपसाठी देवनागरीची मांडणी केली, तीत अर्धे अक्षर आणि काना निरनिराळे करून अनेक आकृतींची काटकसर साधली होती. युक्ती कुशल होती; परंतु ज्या अक्षरांना काना नाही त्यांच्या जोडणीत आणि वरखालच्या चिन्हांच्या स्थानात ओढाताण अटळ होती. ‘उद्ध्वस्त’ या शब्दातील जोडाक्षर हलन्ताच्या पायऱ्यांनी तोडून छापावे लागले की वाचकाचा डोळा अडखळे.

या पार्श्वभूमीवर लिपिसुधारकांची भूमिका समजून घेतली पाहिजे. त्यांना लिपीविषयी आस्था नव्हती असे मानणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे अि, अी, अु, अू, अे अशी स्वरचिन्हे, ही मुळात खिळ्यांच्या हिशेबातून निघालेली होती. ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती प्रत्यक्ष वापरून दाखविली. अंकगणित सुधारकांच्या बाजूचे होते. साक्षरताप्रसार, स्वस्त पुस्तके, शासनव्यवहारात देशी भाषांचा प्रवेश ही सर्व उद्दिष्टे छपाईच्या वेगावर अवलंबून होती, आणि इंग्रजीच्या बरोबरीने देशी भाषांना कार्यालयात बसवावयाचे तर यंत्र हाती असणे आवश्यक होते.

त्यांच्या युक्तिवादाचे दुसरे अंग भाषाशास्त्रीय होते. देवनागरीत उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम सामान्यतः एकच असतो; ऱ्हस्व वेलांटी हा त्याला ठळक अपवाद. ‘कि’मध्ये स्वर उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण त्याचे चिन्ह व्यंजनापूर्वी लिहिले जाते. लखनौ परिषदेने ही विसंगती दूर करण्यासाठी ऱ्हस्व वेलांटीही व्यंजनाच्या उजवीकडेच द्यावी आणि तिचा दंड आखूड ठेवून दीर्घ वेलांटीपासून तिचा भेद दाखवावा अशी शिफारस केली. तर्कदृष्ट्या शिफारस निर्दोष दिसते. तथापि ती रुजली नाही, आणि काही वर्षांतच मागे घ्यावी लागली.

तिच्या अपयशाचे कारण केवळ जनतेची सवय असे सांगितले जाते. ते अंशतःच बरोबर आहे. वाचन ही चिन्हांची एकामागून एक बेरीज नव्हे. वाचक शब्दाची आकृती समग्रतेने ओळखतो, आणि ही ओळख चिन्हांमधील भेदांवर अवलंबून असते. ‘दिन’ आणि ‘दीन’ या शब्दांतील भेद रूढ लेखनात वेलांटीच्या दिशेने, म्हणजे आकृतीतील सर्वांत ढोबळ गुणाने, दाखविला जातो. नव्या शिफारशीत तोच भेद एका रेषेच्या लांबीवर येऊन ठेपला. लहान मापाच्या, झिजलेल्या खिळ्यात आणि हलक्या कागदावर ही लांबी किती टिकणार? उच्चारक्रमाची शुद्धता मिळविताना आकृतिभेदाची स्पष्टता गमावली जात होती. सैद्धान्तिक भाषेत मांडावयाचे तर सुधारकांनी लिपीला वर्णांची यादी मानले होते. ती भेदांची व्यवस्थाही आहे, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे आले नव्हते.

मराठीच्या बाबतीत आणखी एक धोका होता. अखिल भारतीय मांडणी करताना जी चिन्हे हिंदीला लागत नाहीत ती प्रथम गळण्याचा संभव असे. ‘ळ’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. पण त्याहून सूक्ष्म उदाहरण रकाराच्या दोन रूपांचे आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांत अर्थभेद आहे, उच्चारभेद आहे, आणि लेखनात तो केवळ रफार व अर्धा ऱ यांच्या भेदाने दाखविला जातो. हिंदीला या भेदाची गरज नाही. मुंबईच्या ओतशाळांच्या केसमध्ये मात्र त्या अर्ध्या ऱ चे घर होते. एका लहानशा खिळ्याने मराठीतील एक अर्थभेद सांभाळून ठेवला होता असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

५

आता दुसऱ्या जगाकडे वळावयास हवे. मुखपृष्ठ, मथळा किंवा जाहिरात रेखाटणाऱ्या चित्रकारापुढे संख्येचा प्रश्नच नव्हता, आणि याचे कारण तांत्रिक होते. तो शब्द जाड कागदावर काळ्या शाईने काढीत असे. त्याचे छायाचित्र घेऊन जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने ब्लॉक कोरला जाई. ब्लॉक लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला की तो जुळणीच्या शेजारी फर्म्यात बसे. ब्लॉकची किंमत त्याच्या क्षेत्रफळावर ठरे. शब्दात एक जोडाक्षर असो वा चार, रफारावर अनुस्वार असो वा नसो, खर्च तोच. ज्या ‘द्ध्व’पुढे नव्वद खाचांचे यंत्र हतबल होई, तो चित्रकाराला एका रेषेच्या वळणाचा विषय होता.

याचा परिणाम दूरगामी झाला. पानाच्या आतील मजकूर यंत्राच्या सोयीनुसार आक्रसत असताना पानाच्या वर, मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत, लिपीचे पूर्ण रूप शाबूत राहिले. किंबहुना तेथे ते विस्तारले. गोव्यात जन्मलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची मुखपृष्ठे आणि १९४५ साली सुरू झालेला त्यांचा ‘दीपावली’ अंक, रघुवीर मुळगावकरांची चित्रे, एस. एम. पंडितांची चित्रपटांची भिंतीपत्रके यांनी मराठी घराघरांत एक दृश्यसंस्कृती नेली, आणि त्या चित्रांबरोबर रेखाटलेली अक्षरेही गेली. दलाल-मुळगावकरांचा मार्ग लोकरंजनाचा होता. त्याहून निराळा मार्ग मौज प्रकाशनाच्या आणि ‘सत्यकथे’च्या (१९३३–१९८२) परिवारात दिसतो. द. ग. गोडसे यांच्यासारख्या इतिहासाच्या व्यासंगी चित्रकाराने मुखपृष्ठाकडे ग्रंथाच्या आशयाचा भाग म्हणून पाहिले. अक्षर तेथे चित्राखालची ओळ न राहता रचनेचा घटक बनले. मौजेच्या पुस्तकांतील समासांचे प्रमाण, मुद्रितशोधनाची काटेकोर शिस्त आणि मुखपृष्ठाचा संयम यांतून मराठी ग्रंथनिर्मितीचा एक मानदंड तयार झाला. येथे गिरगावचा छापखाना आणि चित्रकाराचा कुंचला ही दोन जगे खऱ्या अर्थाने एकत्र आली होती.

१९६० नंतर हा प्रवाह वर्तमानपत्रांतील नाट्यजाहिरातींत येऊन मिळाला. टाइम्सच्या कलाविभागात काम केलेले कमल शेडगे (निधन २०२०) यांनी मराठी नाटकांची नावे अशा रीतीने रेखाटली की शब्दाचा भाव त्याच्या आकृतीतच प्रकट व्हावा. एका स्तंभाच्या जाहिरातीत, शेजारच्या दहा नाटकांच्या गर्दीत, प्रेक्षकाने नाव दुरून ओळखले पाहिजे ही येथील व्यावसायिक गरज. ओळख म्हणजे भेद, आणि भेद म्हणजे आकृतीची समृद्धी. समित्या चिन्हे कमी करू पाहत असताना बाजारपेठ प्रत्येक शब्दाला स्वतंत्र चेहरा मागत होती, हा त्या काळाचा एक अर्थपूर्ण विरोधाभास आहे.

या प्रवाहाचे दोषही नमूद केले पाहिजेत. जाहिरातसंस्थांत रोमन अक्षर हेच आधुनिकतेचे प्रमाण मानले जाई. त्यामुळे देवनागरी शब्दाला गिल सॅन्ससारख्या रोमन टंकाच्या साच्यात बसविण्याचे प्रयोग वारंवार झाले. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरके कापलेले असते. म्हणून देवनागरीत जाड रेषा जेथे येते तेथे रोमनमध्ये बारीक येते. हे न ओळखता केलेल्या अनुकरणात अक्षर लंगडे दिसे. शिवाय रेखाटलेले अक्षर एका शब्दापुरतेच जगते. त्यातून पुस्तक जुळविता येत नाही, मुलाला वाचावयास शिकविता येत नाही. खिळा पुन्हा पुन्हा वापरता येतो हेच त्याचे सामर्थ्य होते, आणि कुंचल्याजवळ ते नव्हते.

६

तेव्हा शतकाच्या मध्यावरची स्थिती अशी होती: खिळ्याजवळ पुनरावृत्ती होती पण स्वातंत्र्य नव्हते, कुंचल्याजवळ स्वातंत्र्य होते पण पुनरावृत्ती नव्हती. या दोहोंना जोडण्याचा जाणीवपूर्वक विचार ज्यांनी केला त्यांत तीन नावे प्रमुख आहेत, आणि ती तीन निरनिराळ्या वाटांनी आलेली आहेत.

बापूराव नाईक शासकीय मुद्रणाच्या क्षेत्रातून आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि मराठीच्या शासकीय वापराचा प्रश्न प्रत्यक्ष छपाईच्या पातळीवर येऊन ठेपला. नाईकांचा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा इंग्रजी ग्रंथ १९७१ साली तीन खंडांत भाषा संचालनालयाने प्रसिद्ध केला. देवनागरी खिळ्यांच्या पद्धती, त्यांची मोजदाद आणि यंत्रांच्या मर्यादा यांचा एवढा सविस्तर विचार त्यात आहे की ओतशाळांतील जे ज्ञान तोपर्यंत बोटांत होते, ते त्यामुळे प्रथमच पानांवर आले.

लक्ष्मण श्रीधर वाकणकर मुळात तंत्रज्ञ. त्यांच्या ‘गणेशविद्या’ या १९६८ सालच्या ग्रंथात भारतीय लेखनपरंपरेचा पाया ध्वनिविचार हा आहे, असे प्रतिपादन आहे. त्यातील ऐतिहासिक अनुमानांविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु लिपीची ध्वन्यात्मक रचना हीच यांत्रिकीकरणाची किल्ली आहे, हा त्यांचा आग्रह पुढील घटनांनी खरा ठरविला.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) जे. जे.चे विद्यार्थी. डी. जे. कीमर आणि पुढे १९६१ साली स्थापन झालेली उल्का या जाहिरातसंस्थांत त्यांनी कलावंत म्हणून उमेदीचा काळ घालविला; ते कवीही होते. १९८३ पासून पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात ते अध्यापक झाले, आणि त्यानंतर संगणकावरील भारतीय लिप्यांच्या टंकांकडे वळले. विंडोज २००० या प्रणालीबरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा. जाहिरातीच्या कुंचल्यापासून निघालेला मार्ग कोट्यवधी पडद्यांवरील पुनरावृत्त अक्षरापर्यंत पोचला, तो असा.

७

मूळ वादाचा निकालही याच मार्गावर लागला. १९९१ सालच्या भारतीय माहिती-संकेताने आणि त्यानंतर रूढ झालेल्या युनिकोडने मजकूर ध्वनीच्या क्रमाने साठविण्याचे तत्त्व स्वीकारले. या कामात कानपूर, पुणे आणि परदेशातील तंत्रज्ञांचा वाटा मोठा आहे. त्याचे श्रेय एकट्या मुंबईला देता येणार नाही. या व्यवस्थेत ‘कि’ टंकित केला असता यंत्राच्या स्मरणात आधी क आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी साठविली जाते. पडद्यावर मात्र वेलांटी डावीकडेच उमटते. लखनौ परिषदेला जो उच्चारक्रम हवा होता तो मिळाला आणि वाचकाला जी आकृती हवी होती तीही राहिली. क्रम यंत्राच्या पोटात गेला, आकृती डोळ्यांपुढे टिकली. आचाऱ्यांच्या अर्ध्या ऱ लाही त्या व्यवस्थेत जागा मिळाली.

यावरून सुधारकांचे निदान चुकले होते असे ठरत नाही. यंत्राला मोजक्या घटकांची आणि सुसंगत क्रमाची गरज असते हे त्यांनी अचूक ओळखले होते. चूक उपायात होती. त्या काळाच्या यंत्राची मर्यादा ही त्यांनी यंत्राची कायमची मर्यादा मानली, आणि तिच्यासाठी लिपीच्या कायमच्या रूपात बदल सुचविले. लायनोटाइपच्या नव्वद खाचा अर्धशतकात कालबाह्य झाल्या; त्यांच्या मापाने कापलेली लिपी मात्र पुढील पिढ्यांच्या माथी राहिली असती. ते टळले, याचे एक कारण असे की त्याच काळात लिपीचे पूर्ण रूप मुखपृष्ठांवर, मथळ्यांत आणि नाटकांच्या जाहिरातींत रोज वाचले जात होते. नवे यंत्र आले तेव्हा त्याला देण्यासाठी ते रूप जिवंत होते, आणि ते रेखाटू शकणारे हातही होते.

सर्वच सुधारणा नाकारल्या गेल्या असेही नाही. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तेव्हा शिरोरेषेवरील कितीतरी बिंदू एका फटक्यात नाहीसे झाले आणि जुळाऱ्याचे काम हलके झाले. ही सुधारणा रुजली, कारण ती भाषेच्या बोलण्यातील वस्तुस्थितीवर आधारलेली होती. वळणांच्या बाबतीत मात्र प्रादेशिक अस्मिता टिकून राहिली. मराठी पद्धतीचे ल आणि श केंद्रीय मानक वर्णमालेत स्थान मिळवू शकले नव्हते. २००९ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या लेखनासाठी ते अधिकृत केले. मुंबई वळणाने अ, झ, ण उत्तरेला दिले, पण ल व श या दोन अक्षरांबाबत मराठीला स्वतःची वेगळी वाट राखावी लागली.

८

या इतिहासात एक बाजू उपेक्षित राहते. चित्रकारांची नावे उरली, कारण त्यांच्या कामावर स्वाक्षरी होती, त्यांचे संघटन होते, त्यांचे शिक्षण संस्थेत झाले होते. ओतशाळांतील ठसे कापणाऱ्यांपैकी राणोजी आरू यांच्यासारखे अपवाद वगळले, तर बहुतेकांचे काम ‘निर्णयसागर’ किंवा ‘गुजराती’ अशा संस्थानामांत विलीन झाले आहे. प्रकाशजुळणी आणि संगणक यांच्या आगमनानंतर शिशाचे खिळे वितळवून मोडीत विकले गेले. त्यांबरोबर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने अक्षराचे पोट मोकळे कसे ठेवावे, लहान मापात शिरोरेषा किती जाड असावी, शाई पसरून गाठ बुजू नये म्हणून कोपरा कोठे कापावा, हे पिढ्यांनी मिळविलेले ज्ञानही मोडीत गेले. पडद्यावरील टंकांच्या रचनाकारांना यांपैकी अनेक प्रश्न नव्याने सोडवावे लागले आहेत.

म्हणून या कालखंडाच्या अभ्यासासाठी समित्यांचे अहवाल पुरेसे नाहीत. ओतशाळांची नमुनापुस्तके, छापखान्यांच्या केसचे आराखडे, जस्ताचे ब्लॉक, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि वर्तमानपत्रांतील नाट्यजाहिरातींची पाने हीदेखील भाषेच्या इतिहासाची साधनेच होत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद कोशात आहे, व्याकरणात आहे. परंतु तो छापील पानावर टिकला, याचे कारण काळबादेवीच्या एखाद्या ओतशाळेत कोणीतरी त्यासाठी एक वेगळा ठसा कापण्याचे कष्ट घेतले होते.